'सपोर्ट'ला दर वेळी 'आधार'च म्हणायचं का? एका पत्रकात अकरा वेळा आलाय

कराडची_भाषांतरवाली

नमस्कार मंडळी. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कादंबऱ्याबिदंबऱ्या नव्हेत. मिक्सरची माहितीपुस्तिका, विम्याचे अर्ज, औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी, असलं. सध्या एका दवाखान्याचं आठ पानी पत्रक हातात आहे. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरी आणल्यावर घरच्यांनी काय काय करायचं, ते त्यात आहे. विषय ओळखीचा आहे, सासूबाईंचं सगळं मी चार वर्षं केलं. अडलंय ते एकाच शब्दापाशी. सपोर्ट. आठ पानांत अकरा वेळा.

पहिल्या खर्ड्यात मी डोळे मिटून 'आधार' ठेवून दिला. बाधित हाताला उशीचा आधार द्या. कुटुंबाचा भावनिक आधार महत्त्वाचा. आर्थिक आधारासाठी समाजसेवकांना भेटा. आधारगटात या. आधारयुक्त पादत्राणे घाला. अर्जासोबत आधार कागदपत्रे जोडा. हे शेवटचं वाचून तिथल्या बाई फोनवर हसायलाच लागल्या. "अहो, लोक आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन येतील!" खरंच आहे. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. तोवर हा शब्द साधा होता, आता त्याला बारा आकडे चिकटलेत.

मग त्यांच्याकडच्या कुणीतरी ते पान भाषांतराच्या मशीनमधून काढलं आणि मला परत आलं ते असं: 'दुर्बल हाताचे समर्थन करा.' त्या हाताने असा काय गुन्हा केलाय, की मी त्याचं समर्थन करू? मराठीत समर्थन करतात ते एखाद्या वागण्याचं, बहुतेक वेळा वाईट वागण्याचं. हिंदीतलं समर्थन वेगळं. ॲपवर 'समर्थन' असं बटण दिसतं तेही हिंदीतूनच आलेलं असणार. आत गेलं की कुणी कशाचं समर्थन करत नाही, मराठीसाठी दोन दाबा म्हणतात.

आणि या सपोर्टची भावंडं तरी किती! सस्टेन, बोल्स्टर, प्रॉप अप, शोअर अप, अंडरपिन, बट्रेस, अपहोल्ड, बॅक, एंडॉर्स, सेकंड. कोश उघडला की सगळ्यांपुढे तेच तीन अर्थ आलटून पालटून: आधार देणे, पाठिंबा देणे, टिकवून धरणे. एवढ्याशा कामाला इंग्रजांना इतके शब्द कशाला लागले? आणि ते वेगळेपण मराठीत आणायचं कसं? अमुक कोश बघा असं सांगू नका, घरात तीन आहेत. तुम्ही स्वतः काय म्हणता ते सांगा.

ओळंबा

ताई, मी भाषेतला माणूस नाही. एकतीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो. पण तुमच्या यादीतले निम्मे शब्द आमच्या साइटवरून उचललेले आहेत, म्हणून बोलतो.

कामाला लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली. आधी वजन येतंय कुठून आणि जातंय कुठे ते बघ, बाकी नंतर. तुम्हीही या शब्दांना तेवढंच विचारा. खालून उचलतोय का, बाजूने रेटतोय का, की पाठीमागे उभा आहे? मराठी शब्द तिथेच सापडेल.

प्रॉप घ्या. स्लॅबच्या सेंट्रिंगखाली, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याखाली, उभे करतात ते प्रॉप. आता लोखंडी जॅकवाले आलेत, आमच्या वेळी बल्ल्या असायच्या, खाली पाचरी मारून ताठ करायच्या. ओतल्या दिवशी स्लॅब म्हणजे नुसता चिखल, तो स्वतःला धरू शकत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन टेकणींमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे प्रॉप सात दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठ्याला चौदा दिवस, आणि सहा मीटरच्या वरच्या बीमला एकवीस. दिवस भरले की काढून वरच्या मजल्यावर. म्हणजे प्रॉप लावतानाच तो काढायचा असतो. त्यामुळे इंग्रजी पेपरात सरकार 'प्रॉप अप' केलं असं आलं, की त्यात टोमणा असतो: याचं काँक्रीट अजून ओलं आहे. मराठी पत्रकार तिथे 'टेकू' लिहितात, तोच टोमणा तस्साच उतरतो. नाटकातल्या प्रॉपचा याच्याशी संबंध नाही, तो 'प्रॉपर्टी'चा तुटलेला तुकडा आहे.

शोअर अप म्हणजे ढासळायच्या बेतात असलेल्याला सावरणं. शेजारी खड्डा घेतला की इकडची भिंत खाली बसू नये म्हणून तिरपे वासे लावतात. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकार कर घेतं अशा) इमारतींना असे वासे वर्षानुवर्षं लावलेले दिसतील. लोक त्याला दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. तात्पुरतं म्हणून लावलेलं आपल्याकडे कधी पक्कं होईल सांगता येत नाही.

अंडरपिन मात्र जपून. लोक त्याचा अर्थ 'पाया असणे' एवढाच घेतात. प्रत्यक्षात ते भलतं जोखमीचं काम आहे: इमारत वर उभी, आणि तिच्या पायाखाली तुम्ही नवा पाया घालायचा. सलग उकरलंत तर संपलं. मीटर-दीड मीटरचा एक तुकडा उकरायचा, भरायचा, मधले सोडून पुढचा घ्यायचा, ते पक्के झाले की सोडलेल्यांकडे वळायचं. इंग्लंडात विंचेस्टरचं कॅथिड्रल असंच खचत चाललं होतं. खाली दलदल. चर खणला की पाण्याने भरायचा, आणि पाणी उपसावं तर भिंतीच खाली येण्याची भीती. शेवटी विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या उतरवला. १९०६ ते १९११, दिवसाला सहा तास, गढूळ पाण्यात ठार अंधारात, हाताने चाचपत तो माणूस काँक्रीटच्या गोण्या रचत होता. पंचवीस हजारांवर गोण्या. त्या बसल्यावर मग पाणी उपसता आलं आणि गवंडी खाली उतरले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, रेट काय लावला असेल?

त्याच कॅथिड्रलला पुढे दक्षिणेकडून बट्रेस बांधले. एकाच इमारतीत तुमचे दोन शब्द, एक खालचा आणि एक बाजूचा. बट्रेस जुन्या फ्रेंचमधल्या ढकलण्यावरून आलाय. वरची कमान भिंतीला बाहेर लोटते आणि हा बाहेरून तिला आत लोटतो. कुणी लोटतच नसेल तर बट्रेस लागत नाही. बघायचा असेल तर जुन्या काटेसावरीच्या बुंध्याशी जा. जमिनीतून पंख्यासारखी निघालेली पाळं दिसतील, त्यांना इंग्रजीत बट्रेस मुळंच म्हणतात.

तुमच्या पहिल्या वाक्याबद्दल सांगायचं तर हाताला आधारबिधार काही देऊ नका. 'हाताखाली उशी ठेवा.' खालून आहे ना? मग 'खाली' म्हणा की सरळ.

नोटरीच्या_शेजारचं_टेबल

ओळंबा दादांनी साइट सांगितली, मी कोर्टाचं सांगतो. मी वकिलाकडे कारकून आहे, दिवसभर हेच टाइप करतो.

अपहोल्ड आलं की आधार हा शब्द मनातही आणू नका. वरच्या कोर्टाने खालच्याचा निकाल 'कायम केला' किंवा 'कायम ठेवला'. बस्स. सस्टेन तर दोन तोंडांचा आहे. ऑब्जेक्शन सस्टेन झालं म्हणजे हरकत मान्य झाली. आणि त्याच फायलीत डॉक्टरांच्या दाखल्यावर असतं, इंजुरीज सस्टेन्ड, म्हणजे जखमा झाल्या. टिकवून धरल्या नव्हेत! एका नवशिक्या पोराने 'फिर्यादीने डोक्यास जखम टिकवून ठेवली' असं लिहिलं होतं. साहेबांनी ते पान फाडलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलंय. कंटाळा आला की काढून वाचतात.

मेंटेनन्स बघा. शब्दाच्या पोटात लॅटिनमधला हात आहे, हातात धरून ठेवणं. आपण मात्र हात सोडून थेट पोटावर गेलो: पोटगी. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं, पण पक्षकार अजून 'एकशेपंचवीस टाकायचंय' असंच म्हणत येतात. २००७ चा आईवडिलांचा आणि ज्येष्ठांचा कायदा आहे, त्याच्या मराठी नावात मेंटेनन्सला 'चरितार्थ' केलंय. ते मला फार आवडतं. आईला पोटगी देतो असं कुठल्या पोराच्या तोंडून ऐकवेल? आणि सोसायटीत मेंटेनन्स मागतो तो सेक्रेटरी, ते तिसरंच.

ॲबेट हा तुमच्या यादीत नाही, पण हवा. मदतच ती, पण गुन्ह्याला. कायद्याच्या मराठीत 'अपप्रेरणा', जी पक्षकाराला सात जन्मांत कळत नाही. मूळ जुन्या फ्रेंचमध्ये कुत्री अंगावर सोडण्याचं आहे. म्हणजे आपलं 'छू' म्हणणं! मी पक्षकाराला तसंच समजावतो: तू चावला नाहीस रे, पण छू कोण म्हणालं? लगेच मान खाली घालतो.

एंडॉर्स म्हणजे पाठीवर. लॅटिनमध्ये पाठीला डॉर्सम. चेकच्या पाठीमागे सही करतात ना, तेच. त्यावरून पुढे एखाद्याची पाठराखण, जाहिरात वगैरे. म्हणून बॅक आणि एंडॉर्स या दोघांना 'पाठिंबा', 'पाठबळ' घातलं तर शब्दातली पाठ शाबूत राहते.

कराडची_भाषांतरवाली

अगं बाई! पाठिंब्यात पाठ आहे हे मी आयुष्यभर बोलत आले आणि कधी पाहिलंच नाही.

ओळंबा दादा, 'हाताखाली उशी ठेवा' लगेच घातलं. सासूबाईंच्या वेळी फिजिओथेरपिस्ट हेच ओरडून सांगायचे. लुळा हात लोंबकळत ठेवला तर खांद्याचा सांधा निसटायला लागतो, आणि उठवताना तो हात धरून ओढायचा तर मुळीच नाही. आम्ही पहिले आठ दिवस नेमके तेच करत होतो. पत्रकात 'सपोर्ट द आर्म' असं तीन ठिकाणी आहे. आता बघितलं तर तिन्हींत वेगळी कृती आहे. निजताना खाली उशी, बसल्यावर मांडीवर किंवा टेबलावर टेकवणं, आणि उभं करताना झोळीत घेणं. इंग्रजीने तिन्हींवर एकच शिक्का मारला होता. अकरातले तीन सुटले.

आता सस्टेनचं सांगा. शेवटच्या पानावर 'सस्टेन द प्रोग्रेस' आहे. सरकारी मराठीत सस्टेनेबल म्हणजे शाश्वत. अर्धांगाच्या पेशंटला शाश्वत प्रगती?

पिंपळगाव_बागायत

प्रॉप तात्पुरता असतो हे ओळंबांचं म्हणणं आम्हाला मान्य नाही. हा शब्द मुळात डच लोकांकडून इंग्रजीत आला तो द्राक्षवेलीच्या टेकूसाठी. स्लॅब नंतरचा. आणि आमच्या द्राक्षबागेत इंग्रजी वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर तारा ओढलेल्या असतात, त्या बाग मोडेपर्यंत तिथेच. वेल कमकुवत आहे म्हणून नाही, वेल तशीच असते. जमिनीवर सोडली तर पसरेल, जगेल, पण पानं ओली राहून डाऊनी (केवडा) रोगाने माल जाईल. तारेवर घेतली की काड्या दोन्हीकडे पसरतात, घड खाली मोकळे लोंबतात, वारा फिरतो, फवारणी बसते. टेकू हा टोमणा कसा?

पेशंटचंही तसंच समजा. काहींना काठी कायमची लागणार. ती लागली म्हणून तो माणूस कच्चा ठरत नाही. पत्रकात 'काठी सुटेपर्यंत' असं काही लिहिलं असेल तर ते काढा बुवा.

ओळंबा

पिंपळगावकर, हरलो. पण सरकारच्या बाबतीत माझंच बरोबर.

निवृत्त_पंतोजी

उशिरा आलो, पण दिशेचा मुद्दा वाचून राहवलं नाही. छत्तीस वर्षं संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं, त्यामुळे दोन्हीकडची मुळं एकमेकांत अडकलेली दिसतात.

सपोर्टमधला 'पोर्ट' म्हणजे वाहणं. स्टेशनवरचा पोर्टर त्याच घरातला. 'सप्' म्हणजे 'सब्', खालून. तेव्हा सपोर्ट म्हणजे खालून केलेली हमाली. आता सफर बघा, दुःख भोगणं. 'सब्' आणि 'फेर्रे', तेही खालून वाहणंच! लॅटिन 'सब्'चा आपल्या 'उप'शी आणि 'फेर्रे'चा 'भृ' धातूशी सख्खा संबंध आहे. त्याच भृपासून भार, भरण आणि भर्ता, म्हणजे भार वाहणारा नवरा. वाहतो की नाही तो भाग वेगळा. त्याच मुळाचं इंग्रजी पिल्लू 'बेअर'. म्हणजे सपोर्ट आणि सफर ही एकाच साच्यातली भावंडं, एकाला मान मिळाला आणि दुसऱ्याच्या नशिबी रडणं आलं. फ्रेंचमध्ये 'सुपोर्ते' म्हणजे अजूनही सहन करणं. कारकून साहेबांच्या सस्टेनची दोन तोंडंही यातूनच आली. ज्याने खालून धरलं, त्याच्याच अंगावर वजन येतं. मराठीत हे 'झेपणे' या एका शब्दात मावतं. ओझं झेपत नाही म्हणतो, आणि तो माणूस मला झेपत नाही असंही म्हणतो.

आधारातला 'धृ' तर फार दूरवर पसरलाय. धर्म, धरण, धारण, धीर. आणि लॅटिनमधला फिर्मुस त्याच मुळाचा मानतात. त्यातून फर्म, कन्फर्म, अफर्म. तिकीट कन्फर्म झालं म्हणजे धर्माचा चुलतभाऊ पावला म्हणायचं.

सेकंड म्हणजे मुळात मागून येणारा. सभेत एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने मागून हो म्हणायचं. आपल्या 'अनुमोदना'तला 'अनु' म्हणजे मागूनच. बोलीतल्या 'दुजोऱ्या'त तर सरळ 'दुजा' बसलाय. याहून नेमका शब्द मिळायचा नाही, तरी लोक 'सेकंड केलं' म्हणतात.

बोल्स्टर म्हणजे चक्क बैठकीवरचा लोड. जुन्या इंग्रजीपासून तोच अर्थ. आत्मविश्वास बोल्स्टर करणं म्हणजे त्याच्या पाठीशी लोड सारणं. ब्रेस म्हणजे मुळात दोन बाहू, मिठीचा एम्ब्रेस त्यातलाच. दातांचे ब्रेसेस आपण 'तारा' म्हणून केव्हाच आपले केले. पँट वर धरणाऱ्या ब्रेसेसना आम्ही लहानपणी गॅलिस म्हणायचो. तो शब्द इंग्रजीतल्या 'गॅलस'वरून आला, आणि गॅलस हा 'गॅलोज'चा अवतार, म्हणजे फाशीचा खांब. पहिलीच्या फोटोत मी त्याला लटकून हसतोय.

सस्टेनबद्दल: 'टेनेरे' म्हणजे धरणं. खालून धरून राहणं. मराठीत 'तग धरणे' आहे, पण ते संकटाला. तुमच्या पेशंटला 'जमलेलं सुटू देऊ नका' म्हणा. शाश्वत काही नसतं, विशेषतः त्या वयात.

कराडची_भाषांतरवाली

पंतोजी, नमस्कार. 'जमलेलं सुटू देऊ नका' आहे तस्सं घेतलं.

काल रात्री बसून सगळं पुन्हा लिहिलं. भावनिक सपोर्टच्या जागी 'घरच्यांनी धीर द्यावा' केलं, त्यात तुमचा धृ आला. आर्थिक सपोर्टला 'खर्चाला हातभार', कारण दवाखाना सगळं देत नाहीच, हारा डोक्यावर चढवताना शेजारीण हात लावते तेवढाच. कागदपत्रांना 'पुराव्याचे कागद'. सपोर्ट ग्रुपचं बराच वेळ जमेना. शेवटी लिहिलं, 'ज्यांच्या घरी असाच पेशंट आहे अशी मंडळी दर महिन्याला भेटतात, तुम्हीही या.' लांब झालं, पण सासूबाईंच्या वेळी मला 'आधारगट' म्हटलं असतं तर मी गेले नसते. बचतगट वाटला असता. काठीचं वाक्य पिंपळगावकरांच्या सांगण्यावरून काढलं.

अकरातले दहा झाले. 'आधारयुक्त पादत्राणे' तेवढी राहिलीत. इंग्रजीत 'सपोर्टिव्ह फुटवेअर' आहे, आणि मला आता खालून, बाजूने, मागून काहीच सुचत नाहीये.

ओळंबा

मागून. टाचेला पट्टा असलेली चप्पल. आणि त्याच्याच खाली ठळक अक्षरांत लिहा, की घरातली सपाता घालून बाथरूममध्ये जायचं नाही. आमची आई तशीच पडली होती.